खुणेतलं माझं नाव

५ ऑगस्ट, मंगळवार
…नळाचं पाणी भरलं, कणीक मळली, यांच्या फोटोपुढचं सुकलेलं फूल उचललं, डबा भरला आणि पिशवीत लायब्ररीचं पुस्तक टाकलं. काल सकाळी एवढंच. पुस्तक टाकताना काही वाटलं नाही. रोजचंच.

शाळेत फॉर्म आला होता. ‘आपण कामात समाधानी आहात का?’ मी पेन धरून बसले. शेजारच्या वर्गाची शोभा म्हणाली, “काय विचार करून राहिली वं? सगळ्यांनी ‘पूर्ण समाधानी’ केलं. तुलेच काय जड जाते?” मीही तीच टिक केली.

मग माझा शिवणकामाचा तास. पुढचं आज लिहवत नाही.

६ ऑगस्ट
लिहिते. आमच्या कर्णबधिर पोरी प्रत्येकाला एक खूण देतात, तेच त्याचं नाव. माझी खूण पंधरा वर्षं एकच, कपाळावर बोट. मोठं कुंकू लावायची ना. हे गेले, कुंकू गेलं, पण पोरींनी नाव बदललं नाही. त्याचा मला आधार होता. कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी वर्गात आलेल्या नव्या मुलीनं तिच्याशेजारच्या रेणूला खुणेनं विचारलं, या बाई कोण? रेणूनं दोन तळवे पुस्तकासारखे उघडले, मान खाली घातली. मी हातांनीच विचारलं, कपाळाची खूण कुठे गेली? पोर खोटं बोलली नाही. करून दाखवलं: बाही उलटी लागली म्हणून माझ्यासमोर उभी राहिली, हात हलवला, टेबल थोपटलं. मग पुन्हा उघडे तळवे, मान खाली, म्हणजे मी. चार बोटं. चार दिवस असंच.

टेबल थोपटलेलं मी ऐकलं होतं. एवढं पान संपू दे, म्हटलं होतं. मला तर ऐकू येतं.

घरी बोलायला कुणी नाही, वर्गातही आवाज नाही, पुस्तकात माणसं बोलतात. असं कारण लिहून पाहिलं. चालत नाही.

७ ऑगस्ट
शोभाला विचारलं, फॉर्म परत मिळेल?
“सोमवारीच गेला तो. अन् काहून? काय लिहिणार होती?”
मी वर्गाकडे वळले. पुस्तक आजही पिशवीत होतं. उघडलं नाही, पण होतं.

८ ऑगस्ट
पुस्तक घरी ठेवलं. उजेडासाठी खिडकीकडे केलेली खुर्ची पोरींकडे वळवली. रेणूची बाही दोघींनी मिळून उसवली. मग तिनं नव्या मुलीला माझ्याकडे पाठवलं, माझी तीच पुस्तकाची खूण करून. तिचीही शिवण पाहिली.