मुलगी कशी आहे

१९ जानेवारी

पाठवला! डब्लिनच्या विद्यापीठाचा अर्ज सकाळी अकराला एकदाचा पाठवला. बिझनेसची मास्टर्स डिग्री, एका वर्षाची, सप्टेंबरपासून. आता माझ्या हातात काही नाही. अप्पांचं ठरलेलं आहे — नंबर लागला तर जा, नाही लागला तर उन्हाळ्यात लग्न. पुढं चर्चा नाही. सेलूच्या मोंढ्यात अप्पांच्या, म्हणजे कल्याणरावांच्या, नुसत्या शब्दावर कापसाच्या गाड्या खाली होतात. मीही त्याच शब्दावर विसंबून आहे.

सगळ्यात जड गेलं ते शिफारसपत्र. ज्याच्या हाताखाली काम केलं त्यानं लिहायचं, आणि तो नातेवाईक नको. तीन वर्षं आमच्याच जिनिंग मिलमध्ये राबले, तिथं अप्पा सोडून वरचं कोण? किशनकाका! झरीचे, तीस वर्षं आमच्याकडं ग्रेडर. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर कापूस बाहेर काढतात, अंगठ्यांनी धागा ओढून बघतात आणि ह्यात पाणी मारलंय की नाही ते सांगतात. मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी मराठीत सांगितलं, राजेश्रीनं इंग्रजीत टाइप केलं. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते, माझी शाळेपासूनची मैत्रीण. पत्र मी पाहायचं नाही असा नियम आहे. ती एवढंच म्हणाली की वाचलंस तर रडशील. मी कशाला रडते!

२८ जानेवारी

ऑनलाइन मुलाखत झाली. घरात नेट फक्त देवघराच्या खिडकीशी नीट मिळतं, म्हणून दुपारी तिथंच लॅपटॉप मांडला. आई उंबऱ्यात बसून राहिली.

घेतलेला एक अवघड निर्णय सांगा, असं विचारलं. मी बन्सीधरमामांची गाडी सांगितली. वर कोरडा कापूस, खाली ओला. चारचौघांत गाडी परत पाठवली. अप्पा तेव्हा परभणीला होते, त्यांना विचारलंसुद्धा नाही. समोरच्या बाई खूश होऊन लिहून घेत होत्या. मला मात्र आईकडं पाहवेना. इंग्रजी कळत नसलं तरी भावाचं नाव तिला कळलंच असणार. मामा त्या दिवसापासून घरी आलेले नाहीत.

संपल्यावर तिनं विचारलं, तिकडं सकाळी लिंगपूजेला वेळ मिळेल का. म्हटलं, मिळेल. मला काय माहीत!

६ फेब्रुवारी

विद्यापीठाची मेल. चार वेळा वाचली. शिफारसपत्रातला मजकूर आणि शिफारस करणाऱ्यानं फोनवर दिलेली माहिती जुळत नाही, सात दिवसांत खुलासा करा. पत्रात म्हणे मी स्वतः निर्णय घेणारी, एकटी फिरणारी, चुकीला चूक म्हणणारी. फोनवर मी कुणाला उलट न बोलणारी, घराबाहेर न पडणारी, वडिलांना विचारल्याशिवाय पाणीही न पिणारी.

पत्र खोटं आहे असंच त्यांना वाटणार.

७ फेब्रुवारी

सकाळीच वजनकाट्यापाशी किशनकाकांना गाठलं. मी चिडलेच होते. ते शांतपणे म्हणाले, हो, आला होता की फोन. पुण्याहून एक बाई बोलत होती, मराठीत, लय गोड. नाव सांगितलं कसल्या तरी कंपनीचं, पण काटा चालू होता, नीट ऐकू आलं नाही. विद्यापीठानं पडताळणीचं काम त्या कंपनीकडं दिलेलं असणार.

"मुलगी कशी हाय म्हनली. सोभाव कसा, जबाबदारी पेलंल का, नव्या मानसांत जमवून घेईल का. मी म्हन्लं, सोयरीक हाय! मग काय सांगनार व्हतो माय? ती मामाची गाडी? आपलं लेकरू हाय, झाकूनच बोलावं लागतंय."

मला आधी हसू आलं. मग मी वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसून रडले. काकांना हातातला कापूस टाकायचंही भान नव्हतं.

आमच्याकडं मुलीची चौकशी एकाच कारणासाठी होते. त्यांनी तरी दुसरं काय समजावं?

८ फेब्रुवारी

दिवसभर एकच डोक्यात. काकांनी फोनवर जे जे झाकलं, तेच सगळं पत्रात होतं. देवगाव फाट्याच्या खरेदी केंद्रावर मी एकटी जाते — पत्रात तो गुण. ओलावा मोजायचं यंत्र अप्पा नको म्हणत असताना आणलं — तिथं गुण, फोनवर झाकायचा दोष. माणूस तोच, सांगणारा तोच, आणि दोन्हीकडं सांगणाऱ्याची माया खरी. राग धरू तरी कोणावर!

आणि मी कुठं वेगळी आहे? माझ्याच लॅपटॉपवर लग्नाचा बायोडाटा आहे. मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. मीच टाइप केलाय! ती मुलगी मला कधी भेटलेली नाही. पण अर्जातली, सगळं एकटीनं ठरवणारी, तीही पूर्ण मी नाही. मामांची गाडी परत पाठवली त्या दिवशी काका मागं उभे होते म्हणून मी बोलू शकले. हे मी अर्जात कुठंच लिहिलं नाही.

राजेश्रीचा सल्ला: भाषेची अडचण झाली असं लिही. खरं लिहिलंस तर हसतील, म्हणतील हे लोक अजून कुठं आहेत. पटत होतं. तरी खरंच लिहिलं. काकांना वाटलं मुलगी बघायला फोन आलाय, म्हणून त्यांनी माझे गुण लपवले. आणि काका मागं उभे होते, तेही लिहिलं.

११ फेब्रुवारी

उत्तर नाही. आईनं विचारलंही नाही, नुसती धपाटी वाढली.

१४ फेब्रुवारी

परत फोन आला. ह्या वेळी आधी वेळ कळवून. काकांनी ऑफिसात दार लावून घेतलं. मी सरकीच्या ढिगापाशी जाऊन थांबले, ऐकू येऊ नये म्हणून. वीस मिनिटं! बाहेर आले तेव्हा घामेजले होते. "सगळं वतलं माय, काईच झाकलं न्हाई," एवढंच बोलले आणि पाणी प्यायला गेले.

२० फेब्रुवारी

नंबर लागला!!

आईनं देवापुढं साखर ठेवली. अप्पा हसले, पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वर्षांनी.

२१ फेब्रुवारी

काल त्यांचं हसणं पाहून वाटलं होतं, सुटले. आज जेवताना म्हणाले, उदगीरचे पाहुणे आहेत, घर चांगलं आहे, सप्टेंबरच्या आत लग्न उरकू. आणि शिक्षण? ते सासरचे ठरवतील. पाहुण्यांच्या मते लग्न झाल्यावर पुढचं पुढं बघू. म्हणजे नाहीच.

मी म्हटलं, अप्पा, तुम्ही शब्द दिला होता.

"जा म्हनलो व्हतो. मोकळी जा म्हनलो नव्हतो."

पंचवीस वर्षांत मी त्यांना शब्द फिरवताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, आणि तेही माझ्याच बाबतीत. रागापेक्षा लाजच वाटली, त्यांच्या वतीनं. जेवण तसंच टाकून उठले.

२५ फेब्रुवारी

पाहुणे मोंढ्यात चौकशी करणार आहेत. पहिला फोन किशनकाकांनाच, तीस वर्षांचा माणूस म्हणून. अप्पांनी आज त्यांना गादीवर शेजारी बसवून घेतलं आणि माझ्यादेखत बजावलं — मागं पुण्याच्या बाईला जे चुकून सांगितलंस, अगदी तेच आता सांग. काकांनी मान हलवली. माझ्याकडं पाहिलं नाही.

तीस वर्षांचं मीठ आहे. त्यांनी दुसरं काही करावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तिकडं जागा निश्चित करायची मुदत पंधरा मार्च आहे. विद्यापीठाला नकाराची मेल लिहायला घेतली. दोन ओळींच्या पुढं गेले नाही.

३ मार्च

उदगीरचा निरोप आला. मुलगी डोईजड आहे असं ऐकलं, जमणार नाही. अप्पा ऑफिसात किशनकाकांवर ओरडले, कधी नव्हे एवढं. परत गफलत केलीस, म्हणाले. काका खाली मान घालून ऐकत राहिले.

मी मागोमाग गाडीपाशी गेले. काका कोपरापर्यंत हात घालून कापूस काढत होते. म्हटलं, जाऊ द्या काका, पुन्हा विद्यापीठाचाच फोन वाटला असेल.

"न्हाई माय. कोन बोलायलंय ते ह्या बारीला दोनदा इचारून घेतलं."

अप्पा लांबून ऐकत होते. सगळं ऐकलं त्यांनी. जवळ येऊन काकांच्या हातातला कापूस त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, धागा ओढून पाहिला आणि मला विचारलं, जागा पक्की करायला शेवटची तारीख कोणती.