बोर सांगितलं, मोर लिहिलं

॥ श्री ॥
महाळुंगे पडवळ
१८ नोव्हेंबर २००३

ति. गोरखदादास,
प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू आलास आणि हर्षाली "बाबा, बाबा" करत तुला बिलगली, त्याचं हसू इथं अजून पुरतंय. मग मी हिचा कोण, असं हे मला रोज विचारतात.

पण दादा, आता हसण्यासारखं राहिलेलं नाही. काल गुरुजींनी ह्यांना शाळेत बोलावलं. पोर तिसरीत आली तरी हाकेला ओ देत नाही, शुद्धलेखनात शून्य, डोक्यानं मंद आहे म्हणाले. जूनपासून तिला पुण्याला मतिमंद मुलांच्या वसतिगृहात ठेवा, असा त्यांचा सल्ला. तेव्हापासून मला घास गिळवत नाही. घरातली निम्मी कामं न सांगता करणारी पोर मंद कशी? तू हायस्कुलात शिपाई आहेस, चार शिकलेल्यांत वावरतोस, कुणाला तरी विचार. तिची वही सोबत पाठवतेय, चुका बघून हसू नकोस.

लोभ आहेच, या वेळी त्याला थोडी धावपळही जोड.

तुझी,
प्रतिभा


जुन्नर
२६ नोव्हेंबर २००३

चि. सौ. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

वही पोचली. खोटं कशाला सांगू, 'बोर'च्या जागी 'मोर' बघून थोडा हसलोच. आमच्याकडे दर बुधवारी आरती मॅडम येतात. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी त्या तुमच्या-आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या शाळा फिरतात. त्यांना वही दाखवली. त्या मात्र हसल्या नाहीत. पायाची माय, बोराचा मोर, पानाची मान, चूक सगळीकडे प, ब आणि म यांचीच, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ही तिन्ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात म्हणे. पोर ऐकत नसेल, तोंडं बघून लिहीत असेल, असं त्यांना वाटतं. तिच्या मागं उभी राहून हाक मार आणि लगेच कळव.

लोभ वाढव, काळजी कमी कर.

तुझा,
गोरखदादा


महाळुंगे पडवळ
१५ डिसेंबर २००३

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मागं उभं राहून हाक मारली. वळली नाही. तांब्या आपटला, तेव्हा वळली. आठ वर्षं माझ्या पदराला धरून वाढलेली पोर, आणि मला कळलं नाही! फार लाज वाटली रे.

पुण्याला नेऊन कान तपासले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन मिळेल, मॅडम आठवड्यातून एकदा इथल्याच शाळेत येऊन शिकवतील, वसतिगृहाची गरज नाही. पण त्यासाठी भरायच्या अर्जावर छापलंय 'अपंग विद्यार्थी'. मामंजींनी कागद काढूनच घेतला. हातपाय धड असलेल्या पोरीला अपंग लिवून देणार न्हाई, उद्या तिला कोण करून घेईल, म्हणाले. वडलांपुढं ह्यांचं तोंड उघडत नाही, ते तुला ठाऊकच आहे. मुदत महिनाअखेरची आहे. मी काय करू?

लोभ असावा, आणि उत्तर लवकर असावं.

तुझी,
प्रतिभा


महाळुंगे पडवळ
२९ डिसेंबर २००३

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू धाडलेल्या आरती मॅडम काल येऊन गेल्या. अर्जाचं नावसुद्धा काढलं नाही. चहा झाल्यावर मामंजींना म्हणाल्या, मी आवाज न काढता बोलते, तुम्ही ओळखा. एकदा ओठ हलवले. मामंजी म्हणाले, बाबा. पुन्हा हलवले. मामंजी पुन्हा बाबा म्हणाले. दुसऱ्या वेळी मामा होतं, असं मॅडमनी सांगितलं. मामंजींना पटेना. त्यांनी आणखी दोनदा करायला लावलं आणि दोन्हीदा चुकले.

मग हर्षालीकडे बघत बसले. भाऊबीजंला आमी ह्याच्यावर हसलो व्हय, एवढंच म्हणाले. चष्मा मागितला आणि हौशीराम अशी ठळक सही करून मोकळे झाले. जागा पालकाची होती, पण त्यांना सांगणार कोण? मॅडमनी गुपचूप दुसरा अर्ज काढून ह्यांची सही घेतली. मामंजींचा कागदही सोबत नेला.

आज मी पोटभर जेवले. लोभात असंच ठेव.

तुझी,
प्रतिभा


महाळुंगे पडवळ
१० एप्रिल २००४

ति. गोरखमामास,
हर्षालीचा सा. न.

हे पत्र मी लिहिते आहे. आईने फक्त पत्ता घातला. मशीन कानाला टोचते, पण मी काढत नाही. आपल्या म्हशीच्या गळ्यातली घंटी वाजते, ते मला माहीत नव्हते. आरती मॅडम सोमवारी येतात. गुरुजी आता फळ्याकडे तोंड करून सांगत नाहीत. शुद्धलेखनात दहापैकी सात आले. मी याच शाळेत चौथीत जाणार.

भाऊबीजेला सगळे हसले. मी मामाच म्हणत होते.

आता आलास की समोर येऊ नको. मागून हाक मार. मी वळते की नाही बघ.

तुझी,
हर्षाली