आजची चूक सापडली

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (लेखीच मानून घे. प्रत्यक्ष घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) इकडे सगळे ठीक आहोत. तुझी भावजयही ठीक आहे असं ती म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते त्यावरून पुढे विचारायची माझी छाती होत नाही. मेहुण्यांचा गुडघा कसा आहे? तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र तूच वाच. झालं नसेल तर होईपर्यंत थांब, पण मेहुण्यांना वाचायला सांगू नकोस. त्यांना माझ्याविषयी आधीच पुरेसं माहीत आहे.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मधेच "मग तू काय केलंस?" असं विचारतेस, आणि या हकिकतीत त्या प्रश्नापर्यंत पोचायला मी जमेल तितका उशीर लावणार आहे.

गेल्या वर्षी शाळेने आम्हा सगळ्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, मेंदूचं शास्त्र वापरून मुलांना वर्गात जागं कसं ठेवावं. (शिक्षकांना जागं कसं ठेवावं हे आयोजकांच्या लक्षात आलं नव्हतं. जेवणानंतर गणिताचे सर इतके तालात घोरले की पुढच्या दोन रांगांनी त्या तालावर माना डोलावल्या आणि व्याख्यात्यांना वाटलं, मुद्दा पटतोय.) या व्याख्यात्यांना आम्ही मेंदूवाले म्हणत असू. त्यांच्याजवळ प्लास्टिकचा एक मेंदू होता, सुट्या भागांचा. तो सगळ्यांच्या हातून फिरून परत आला तेव्हा एक भाग कमी होता, पण त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की अपेक्षेप्रमाणे सगळं घडत गेलं की मेंदू पेंगतो, आणि अंदाज चुकला की खडबडून जागा होतो. मला हे इतकं पटलं की घरी येताना माझीच मला दया आली. बावीस वर्षं मी मुलांच्या अपेक्षेप्रमाणे वागत आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू. आधी दर दहा मिनिटांनी सगळ्यांनी उभं राहून उड्या मारायच्या असं ठरवलं. आमच्या वर्गाच्या बरोबर खाली मुख्याध्यापिकाबाईंची खोली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चहात छताचा पोपडा पडला आणि तो प्रयोग संपला. मग शिकलेलं शेजाऱ्याला समजावून सांगायचं. मुलांनी समजावलं, अगदी हातवारे करून समजावलं, फक्त धडा सोडून बाकी सगळं. शेवटी मला माझी स्वतःची युक्ती सुचली, आणि ताई, माझ्या डोक्यातून निघाली म्हणूनच मी तिच्यावर जरा जास्त जीव लावला.

युक्ती अशी. प्रत्येक तासाला मी शिकवताना मुद्दाम एक चूक करणार. एकच. ती ज्याला सापडेल त्याने हात वर करायचा, चूक सांगायची, मग वर्गाने टाळ्या वाजवायच्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहायचं, 'आजची चूक सापडली'. काय सांगू तुला. ज्या मुलांना विज्ञानाचं पुस्तक कुठल्या रंगाचं आहे हे माहीत नव्हतं, ती आदल्या दिवशी धडा वाचून येऊ लागली. एरवी भिंतीला टेकून बसणारे बाकाच्या काठावर येऊन बसले. बाईंनी पाहुण्यांना माझा वर्ग दाखवायला सुरुवात केली. मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी बैठकीत लावलं, तुझ्या भावजयीने ते पुसायच्या निमित्ताने काढलं आणि परत लावायची विसरली. (विसरली असं आपण धरून चालू.)

आता त्या दिवसाकडे यावं लागतं. विषय हृदय आणि रक्ताभिसरण. मी सांगितलं की माणसाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. पाच मिनिटांत चूक सापडली, टाळ्या झाल्या, कोपऱ्यात लिहून झालं. आणि मुलं मागे टेकली. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. दिवसाची चूक सापडली म्हणजे तासाचं उरलेलं सगळं खरं, असा माझ्या खेळाचा अर्थ होता. मी तो अर्थ लावला नव्हता, पण चाळीस मुलांनी लावला होता. पुढे बोलण्याच्या भरात मी सांगून टाकलं की झाडून सगळ्या धमन्यांमधून ऑक्सिजन भरलेलं रक्त वाहतं, फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतूनसुद्धा. ती एक धमनी अपवाद आहे, ताई. तिच्यातून जातं ते ऑक्सिजन संपलेलं रक्त. बावीस वर्षं मी हे बरोबर शिकवलं, आणि त्या दिवशी टाळ्या कानात असताना चुकलो.

एका मुलीने हात वर केला. मुलं तिला खोडरबर म्हणतात, कारण वहीतलं बरोबर होईपर्यंत ती खोडत राहते. चूक पकडण्याच्या खेळात तिने तोपर्यंत एकदाही हात वर केला नव्हता. फुप्फुसांच्या धमनीचं जरा वेगळं असतं ना, असं ती हळू आवाजात म्हणाली. मी हसलो आणि म्हणालो, "आजचा कोटा संपला, आता उद्या." वर्ग खदखदून हसला. ती बसली. मग तिने वाकून वहीत काहीतरी खोडलं आणि लिहिलं. मी पाहत होतो. मला वाटलं, किती एकाग्र.

शालान्त परीक्षेत हाच प्रश्न आला, दोन गुणांना. शास्त्र शाखेचा तिचा प्रवेश एका गुणाने हुकला. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती माझ्याकडे आली, वहीही सोबत आणली होती. तिला एवढंच विचारायचं होतं की वहीप्रमाणेच लिहिलंय, मग गुण का गेले. वहीत खोडलेल्या जागी कागद पातळ झाला होता. तिथे माझं वाक्य होतं, शब्दही माझेच.

मग मी काय केलं? मी म्हणालो, हल्ली तपासणारे फार कडक झालेत.

ती "बरं सर" म्हणून गेली. आता ती सांगत फिरतेय म्हणे की विज्ञान आपल्या डोक्यातच शिरत नाही. गुण वाढवण्यासाठीच्या फेरपरीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख या शुक्रवारी आहे आणि तिने अर्ज भरलेला नाही.

बाकी सर्व क्षेम. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. बाकी सर्व क्षेम नाही. पत्राचं खरं कारण असं की तू गुरुवारपर्यंत ये. ग्रंथालयाचं पुस्तक मी विहिरीत पाडलं होतं तेव्हा तू मला गुरुजींच्या दारापर्यंत नेलंस आणि पाठीला हात लावून आत ढकललंस. मला तेवढंच हवंय. बोलीन मी. वय वर्षं एकावन्न असलेल्या माणसाने हे मागणं बरं दिसत नाही, हे मला कळतं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की हे तुला शनिवारी मिळेल. म्हणजे ज्या दिवशी तुझा काही उपयोग नाही अशाच दिवशी पोचेल अशी मी व्यवस्था करत होतो. तेव्हा चपला घातल्या आणि आत्ता त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. बोलावणं रद्द समज.

दार तिनेच उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. चूक माझी, वहीत आधी होतं ते बरोबर, आणि तपासणारे मुळीच कडक नाहीत. तिने हात ओढणीला पुसले.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"होय."

"मला तेव्हाच वाटलं होतं, सर. पण तुम्ही हसलात."

  तिने मान वळवून आत हाक मारली, "आई, माझे फोटो कुठे ठेवलेत?" (अर्जाला दोन लागतात.) आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

मला आत या असं कोणी म्हटलं नाही. ते बरोबरच होतं.