निळी डिस्क

ठाणे, वागळे इस्टेट
१४ जुलै १९९८

प्रिय दौलत,

फोन केला होता. माझं नाव ऐकून तू ठेवून दिलास, म्हणून लिहितोय. नववीत शाळा सुटली असली तरी माझं लिहिणं तपासल्याशिवाय बाहेर जात नाही, हे तुला ठाऊक आहे. हे तीनदा वाचलंय.

वधू-वर सूचीची दोनशे बारा पानं त्या शंभर एमबीच्या निळ्या डिस्कवर होती. तिच्यावर शेवटचं काम तू केलंस आणि दुसऱ्या दिवशी आपल्या प्रेसचा ड्राइव्ह नुसता टिकटिक करू लागला. तू पहिल्यापासून एमओचा, त्या लेझरवाल्या डिस्कचा भक्त. “महिपत, एमओत लेझर वाचतो, डिस्कला काही टेकत नाही. तुझ्या निळीला वाचणारं हेड चिकटून असतं, एक दिवस रडशील बघ!” मी म्हणायचो, तुझी एमओ लिहायला बसली की माणसाने चहा पिऊन यावं. ती टिकटिक ऐकून तू हसलास. तेव्हाच मनात आलं, आपलं खरं करायला यानेच काहीतरी केलंय. प्रेसच्या शेठना मीच सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी तुला काढलं. माझ्याकडे न बघता तू चपला घातल्यास.

तरी मला पुरावा हवा होता. डिस्क घेऊन वर्तकनगरला शेवंतीच्या डीटीपीच्या दुकानात गेलो. तिचाही ड्राइव्ह टिकटिकला. वाटलं, हिलाही तू फितवलंस. पण संध्याकाळी तिची स्वतःची चांगली डिस्कसुद्धा गेली, आणि तू तर तिथे कधी पाऊलही ठेवलं नव्हतंस. काल दुरुस्तीवाल्या गोमाजींनी दोन्ही ड्राइव्ह उघडले. आपल्या ड्राइव्हच्या हेडला डिस्कच्या फाटलेल्या कडेचे तुकडे अडकले होते, म्हणजे त्या हेडनेच कड फाडली, आणि त्या फाटक्या कडेने शेवंतीचं हेड मोडलं. झीज जुनी आहे, एका दिवसाची नाही, म्हणाले. “अहो, रोग्याला घरोघर फिरवलंत की!”

आज सकाळी शेठना सगळ्यांसमोर सांगितलं, दौलतने काही केलेलं नाही.

पण घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. काल सकाळी, गोमाजींकडे जायच्या आधी, कागदवाल्या तानाजीच्या टेम्पोतून तुला कल्याणला एक पाकीट धाडलंय. आत तीच डिस्क, आणि चिठ्ठी: ‘हिंमत असेल तर तुझ्या ड्राइव्हमध्ये घालून दाखव.’ तुझ्या नव्या प्रेसमध्ये निळीचाच ड्राइव्ह आहे, याची चौकशीही मी करून ठेवली होती. तू घालशील. मन साफ आहे म्हणून लगेच घालशील, आणि ही नोकरीही माझ्यामुळे जाईल. दौलत, घालू नकोस रे. हे पत्र तुमच्या शिपायाच्या हाती वर पाठवून मी तुझ्या प्रेसच्या खाली जिन्यात उभा आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर डिस्क त्याच्याच हाती खाली पाठव.

तुझाच म्हणवायला लाजणारा,
महिपत