नवनाथरावांच्या गुडघ्याची माती

मी, सौ. छाया नवनाथ घारे, वय ५९, राहणार पळसदरी, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणाचा दाब नाही. पोटातलं दुखणं हाडांत उतरलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत. पण डोकं ठिकाणावर आहे.

१. वडिलांनी मला दिलेलं राहतं घर सून समिधाच्या नावे करते. माझे यजमान मरेपर्यंत त्यात राहतील. मुलगा अक्षय याला भाताचं खाचर. घर त्याच्या हाती दिलं तर तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देईल आणि बापाला पडवीत काढेल.

२. घराच्या बदल्यात समिधाने एक काम करायचं आहे. हे, तिसरं आणि पाचवं कलम यजमानांना वाचून दाखवू नये. गावात डॉक्टरांनी निर्गुडीच्या पाल्याच्या लेपाची चाचणी घेतली, तेव्हा गुडघेदुखीवाले आम्ही सगळे त्यात होतो. निम्म्यांना खरा लेप, निम्म्यांना तसाच दिसणारा मातीचा; कोणाला कुठला, ते शेवटी सांगणार होते. खाटेवर बसून मरण मागणारे यजमान त्या लेपाने उठले, लावणीला चिखलात उभे राहिले. निकालाच्या दिवशी ते शेतावरच होते, म्हणून त्यांचा निकाल मला बाजूला घेऊन सांगितला. त्यांच्या डबीत नुसती माती होती.

घरी आले तर म्हणाले, "छाया, गुण हाय गं पाल्याला. आता मी काय बसत नाय."

ती डबी संपली, तेव्हापासून रोज संध्याकाळी ओढ्याकाठची माती चाळते, हिरवी दिसावी म्हणून पालकाच्या रसात कालवते, कोमट करून त्यांना लावते. माझ्यामागे समिधाने लावावी. लावताना हसू नये.

३. निकाल ऐकताना जाऊ जया मागेच उभी होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. परसातल्या रायवळ आंब्याची फळं देऊन मी ते तोंड आजवर बंद ठेवलं. तो आंबा तिला देते. यजमानांजवळ मातीचा एक शब्द काढला, तर त्याच दिवशी झाड समिधाचं. माझ्या बाळंतपणात हिने माझ्या आईला दारातून परत पाठवलं होतं. तरी आंबा देते, यावरून माझी गरज ओळखावी.

४. पाटल्या औषधांत गेल्या. शोधू नयेत.

५. हल्ली यजमान आपल्या वाटीतला अर्धा लेप काढून माझ्या कमरेला चोळतात. "थांब, उतरंल," म्हणतात. मी बरं वाटतंय म्हणते. काहीच उतरत नाही. डॉक्टरांचं खरं औषध संपलं, आणि ही माती कुठली ते मला ठाऊक आहे. त्यांना खोटं सांगायला मी होते. मला खोटं सांगणारं कोणी नाही. असं कोणाचं होऊ नये.

मी गेल्यावर साक्षीदारांनी त्यांना एवढंच सांगावं, की शेवटी छायाला तुमच्या हातच्या लेपाने आराम पडला.

सही: छाया नवनाथ घारे
पळसदरी, दि. ९ फेब्रुवारी २०२५

छायाताईंनी आमच्यासमोर सही केली. शेवटची गोष्ट सांगायचं आम्ही कबूल केलं आहे.
१. जगदीश ठोंबरे, भाऊ
२. रूपाली भोईर, शेजारीण