हात चांगला म्हणून घरी

आबा,

तुमाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस कागद घेतला न्हाई, आज घेतला. काल आमच्या घरात तुमचेच शब्द पुन्हा ऐकले आणि डोकं फिरलं माझं.

सुनेला, सारिकाला, वरव्याच्या कंपनीतनं कामाला बोलावणं आलंय. पोरगी लई हरखली. तर आमचे हे चहा फुरकत म्हणतात, "तिचा हात चांगलाय. म्हस तिच्याबिगर पान्हवत न्हाई. तिला कशाला धाडायचं?" पोरगा नंदीबैलासारखा मान हलवतोय! सारिका तिथंच उभी. तिला कुणी इचारलं? न्हाई.

तुमी तरी मला कुठं इचारलं व्हतं, आबा?

मी चौथी पास झाले त्या साली भाताच्या लावणीला आई बाळंतीण. इर्जिकीत घरटी एक माणूस द्यावंच लागायचं. आज आपल्या खाचरात सारी वाडी, उद्या त्यांच्या खाचरात आपण. कुणाला धाडायचं ते बघाया तुमी मला आणि थोरल्या बाळूदादाला चिखलात उतरवलं. तुमी शाबास म्हणावं म्हणून मी येड्यागत लावत सुटले. दादाची रोपं उभीच ऱ्हाईनात, पाण्यावर तरंगायला लागली.

सांजच्याला तुमी आईला म्हणालात, "हौशीचा हात चालतोय, ती ऱ्हाऊ दे घरी. बाळ्याचं काय खरं न्हाई, त्याला शिकू दे."

हा कुठला न्याय? ज्याला जमतंय त्यानंच मरायचं व्हय?

दादा भोरला हापिसात खुर्चीवर बसला. आला की म्हणतो, "हौसे, तुझ्यासारखं काम मला जमलं नसतं गं." जमलं न्हाई म्हणून तर सुटलास की रं!

तुमी वाईट नव्हता. भोरच्या बाजारातनं माझ्यापुरती जिलबी आणायचात, दादाला बोटबी लावू द्यायचा न्हाईत. पण जिलबीनं काय व्हतंय? एकदा इचारायचं तरी.

काल ह्यांना म्हणाले, "पोराला शिकवा की धार काढाया."

"म्हस लाथ मारील त्याला!"

मारू दे! मला काय कमी मारल्यात?

शब्द देते, आबा. सोमवारी मी सोता फाट्यावर उभी ऱ्हाऊन सारिकाला कंपनीच्या गाडीत बसवणार. धार कुणी काढायची ते बापलेकांनी बघावं. आणि तुमी तिकडनं त्यांची बाजू घ्यायची न्हाई, सांगून ठेवते.

तुमची,
हौसा