तीन तारांची बास

नाहूर, रविवार

प्रिय सर्वेश,

हे पत्र प्रांजलच्या हाती देतेय. तुझ्याच बोटीवर ड्रम वाजवायला तो परवा निघतोय, उद्या सांताक्रूझला त्याच्या घरी जाऊन देऊन येईन. फोनवर बोलले असते, पण आपल्या घरात फोनवर बोलणं म्हणजे नाक्यावर उभं राहून बोलणं. हॉलमध्ये अप्पा, स्वयंपाकघरात आई. शिवाय तुझी रेंज कुठलंच वाक्य पूर्ण होऊ देत नाही आणि मला आज वाक्यं पूर्ण करायची आहेत. तेव्हा निवांत बसून वाच, आणि मधेच 'अगं पण ताई' करू नकोस. इथे ते करताच येणार नाही, म्हणून तर पत्र लिहितेय.

तू मे महिन्यात गेलास आणि तेव्हापासून अप्पांनी बास गिटार हातात घेतलेली नाही. एकदाही नाही. कपाटावर तुझ्या त्या नव्या काळ्या पेटीत ती पडून आहे. धूळ बसू नये म्हणून आईने वर जुनी चादर घातलीय. गुरुवारच्या भजनाला अप्पा आता टाळ घेऊन जातात. उभी हयात ऑर्केस्ट्रात बास वाजवलेला सहदेव परब मंडळाच्या कोपऱ्यात मान खाली घालून टाळ वाजवतो, आणि बुवा त्यांच्याकडे बघायचं टाळतात. बुवांनी आधी वाट पाहिली, मग हळूच विचारून बघितलं, आणि आता म्हणतायत की दत्तजयंतीला बासचं काम कीबोर्डवरच भागवून घेऊ. भागवून घेऊ! भजनात बास गिटार म्हटल्यावर सुरुवातीला हीच मंडळी नाकं मुरडत होती. नंतर अप्पा एका गुरुवारी गेले नाहीत तर घरी बोलवायला आली. ती जागा अप्पांनी मिळवली होती, आणि आता ती त्यांच्या डोळ्यांदेखत जातेय.

तू म्हणशील, मी काय केलं, मी तर ती नवी करून दिली. तेच ना! नवी करून दिलीस. लागोपाठ दोन काँट्रॅक्टं करून सुट्टीवर आलास, बॅग ठेवायच्या आधी बास उचललीस आणि तोंड वाकडं केलंस. कसाईखाना केलाय यार हिचा, म्हणालास. तीनच तारा, तार पिळायच्या चौथ्या चावीच्या जागी नुसतं भोक, नेकच्या दांडीच्या पाठीचं पॉलिश खरवडून काढलेलं, पट्टा अडकवायचा खिळा भलत्याच ठिकाणी, आणि तारा जिथून चाव्यांकडे चढतात तिथे ती गुलाबी पट्टी. असं का आहे, हे तू एका शब्दाने विचारलं नाहीस. तारा बदलून आणतो असं सांगून ती अंधेरीला कुठल्या कारागिराकडे नेलीस आणि कारखान्यातून निघाली तेव्हा होती तश्शी करवून आणलीस. वर त्याचा व्हिडिओ. त्यात तू ती गुलाबी पट्टी चिमट्यात धरून वर करतोस आणि म्हणतोस, हा च्युइंगम इथे कोणी चिकटवला, भगवान जाने. मग ती कचऱ्याच्या डब्यात. खाली जगभरातली माणसं हसतायत.

तो च्युइंगम मी चिकटवला होता. भगवानाला कशाला विचारतोस, बहिणीला विचारायचं. घाटकोपरच्या लॅबमध्ये मी दिवसभर कवळ्या बनवते हे तुला माहीत आहे, निदान असावं. माझ्या हिरड्यांवर अर्ध्या घाटकोपरची म्हातारी माणसं लग्नाची जेवणं जेवतात. त्याच गुलाबी मटेरियलची ती पट्टी मी ओतली, घासली, तिच्यात तारांना बसायला खाचा पाडल्या. पहिली मोडली. दुसरीत तार खरखरायची. मग अप्पा आणि मी गॅलरीत पाट टाकून बसायचो, ते तार छेडून डोळे मिटायचे आणि मी केसभर घासायचे. दातात उंच लागणारी कवळी जशी घासतात तशीच. ज्या दिवशी ती बसली त्या दिवशी आईने कारण नसताना शिरा केला. आणि तू ती चिमट्यात धरलीस, जशी काही मेलेली पाल!

आता तुझं ते ओरिजिनलचं सोवळं. कंपनीने जशी दिली तशीच ठेवायची, बोट लावलं की बाटली. आणि तुझी स्वतःची बास? तिचे पिकअप बदललेस, पोटात बॅटरी बसवलीस, चाव्या जर्मनीहून मागवल्यास. ते अपग्रेड, आणि आमचं ते वाटोळं? म्हणजे डब्यातून आलेला पार्ट लावला तर सुधारणा, आणि घरच्या माणसाने हाताने करून लावला तर च्युइंगम? अप्पांनी आयुष्यात कुठली वस्तू आली तशी ठेवली, सांग मला. पंख्याचा रेग्युलेटर बेडच्या उशाला आणला, आईच्या मिक्सरला टेबलफॅनचं बटण लावलं. आजोबा गिरणीत साच्यावर होते, तेही म्हणायचे की यंत्र माणसाच्या मापाचं करून घ्यावं, माणूस यंत्राच्या मापाचा केला की तो मोडतो. आणि त्या बासला पहिलं भोक कोणासाठी पडलं, ते तरी आठवतंय का? तुझ्यासाठी. पाचवीत होतास. बास गळ्यात घालून उभं राहायचा हट्ट केलास आणि तिच्या वजनाने तोंडावर पडलास. तेव्हा अप्पांनी पट्ट्याचा खिळा सरकवून तिचा तोल तुझ्या खांद्याला जुळेल असा करून दिला. त्यांच्या कार्यक्रमाची एकुलती एक गिटार, तिला न कचरता ड्रिल लावलं. तुझ्या अंधेरीवाल्याने तेही भोक लांबी भरून बुजवलं, वर असं काही पॉलिश केलं की नखाला लागत नाही. व्हिडिओत तू त्यालाही वाहवा म्हणालायस.

आता तारा तीनच का होत्या ते ऐक. सा, प आणि वरचा सा अशा लावलेल्या होत्या. बुवांचा सूर ठरलेला, त्यामुळे निम्मं भजन मोकळ्या तारांवरच निघायचं. उरलेल्या निम्म्याला दोन बोटं पुरायची. चौथी चावी काढली, कारण बासचं डोकं जड असतं, ते खाली झुकतं आणि डाव्या हाताने त्याला उचलून धरावं लागतं. पॉलिश खरवडलं, कारण त्याला अंगठा चिकटतो आणि मग हात सरकवायला जोर लागतो. खिळाही त्याचसाठी पुन्हा हलवला होता. सगळं करून काय साधलं, तर डाव्या हाताचं काम जेवढं कमी करता येईल तेवढं केलं. तू एवढा बास वाजवणारा, एवढ्या देशांत फिरलेला, तुला ते बघून एकदाही प्रश्न पडला नाही की असं एखादा माणूस कशासाठी करेल?

महिनाभर घरात होतास. नेकवरचा प्रत्येक ओरखडा तू मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलास. अप्पांचा डावा हात किती वेळा पाहिलास? ते शर्ट सोडून झब्बे घालायला लागले, कारण बटणं लागत नाहीत. जेवताना डावा हात मांडीवर, वर नॅपकिन. तू विचारलंस की अप्पा, नॅपकिन काय हॉटेलसारखा, आणि ते हसले. तू त्यांच्या डावीकडे बसलास की ते उठून जागा बदलायचे. आईचा जीव वरखाली व्हायचा. तुला काही दिसलं नाही, कारण तू बघत होतास गिटारकडे.

तर आता दिसू दे. तुझं पहिलं काँट्रॅक्ट सुरू झालं त्या वर्षी गणपतीनंतर अप्पांना झटका आला. सकाळी चहाचा कप हातातून सुटला. मुलुंडच्या हॉस्पिटलात दहा-बारा दिवस होते. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आली नाहीत. ती अजूनही मिटत नाहीत. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? झिलाक सांगू नको. तुला घरातला नियम माहीत आहे. आजीचा भाऊ बोटीवर खलाशी होता तेव्हापासूनचा. दर्यावरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही. तो उडी मारून येऊ शकत नाही, मग त्याला तिथे पाण्यावर कुढत कशाला ठेवायचं? आजी गेली तेव्हा मामाआजोबांना वर्षाने कळलं आणि त्यांनी त्याबद्दल घराचे आभार मानले, असं अप्पा अभिमानाने सांगतात. मला हा नियम तेव्हाही पटला नव्हता, आता तर चीड येते. पण आईने देवासमोर हात धरून शपथ घातली आणि मी गप्प बसले. तुझे फोन यायचे तेव्हा अप्पा उजव्या हातात फोन धरून एवढ्या मोठ्याने हसायचे की शेजारच्या सुगंधावहिनी विचारायच्या, लॉटरी लागली का.

फिजिओवाल्याने पिळायला चेंडू दिला तो त्यांनी कपाटाखाली भिरकावला. म्हणाले, बास वाजली तरच या हाताचा उपयोग. मग आम्ही ती गिटार हाताच्या मापाची केली, थोडी थोडी, जवळजवळ वर्षभर. ते वाटोळं नव्हतं रे. ते अप्पांचं बरं होणं होतं, आणि तू ते पॉलिशपेपरने घासून टाकलंस.

सत्तरीच्या दिवशी तू सगळ्या बिल्डिंगसमोर पेटी उघडलीस. अप्पांनी नेकच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मी बघत होते, त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. तरी म्हणाले, झकास! सगळे ओरडले, वाजवा, वाजवा. ते म्हणाले, नव्या तारा आहेत, बसू देत आधी. मग तूच घेतलीस आणि वाजवलीस, छान वाजवलीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अप्पा सगळ्यात जास्त वेळ वाजवत होते. उजवा तळवा डाव्या मनगटावर. तेही तुला दिसलं नाही. मला त्या वेळी तो केक तुझ्या डोक्यात घालावासा वाटला होता, खरं सांगते.

आता हे सगळं आज का लिहितेय. तुला रडवायला नाही, तेवढी मी रिकामी नाही. गेल्या गुरुवारी अप्पा भजनाहून आले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी मी कानस आणि पकड घेऊन स्टुलावर चढले, म्हटलं, बास झालं, पुन्हा होती तशी करते, दत्तजयंतीला अजून वेळ आहे. पेटी खाली काढली तर अप्पांनी येऊन झाकणावर हात ठेवला, तोच डावा. म्हणाले, ऱ्हवांदे गो. झिलान हौशीन केल्यान हा. परत येतलो तेव्हा शोधतलो. दत्तजयंती गेली तर गेली, पण तू परत आल्यावर तुला तुझी चकचकीत बास तशीच दिसली पाहिजे. मी भांडले, आई रडली, ते हलले नाहीत. आता त्यांना फक्त तू हलवू शकतोस. पुढच्या बंदरात उतरलास की त्यांना फोन लाव. झटक्याचं बोलू नकोस, माफी मागू नकोस, मी कळवलं हे तर मुळीच कळू देऊ नकोस. खोटं बोल. कॅमेऱ्यासमोर एवढं बोलतोस, बापासमोर एक खोटं बोलायला काय जातंय? सांग की ओरिजिनलचा कंटाळा आला, बोटीवर कोणीतरी तीन तारांवर वाजवताना ऐकलं आणि वेड लागलं, अप्पा, आपली पुन्हा तशी करा, मला ऐकायचीय. त्यांचा फोन स्पीकरवर असतो, मी शेजारीच असेन. तू फक्त एकदा मोठ्याने म्हण, काढा ती चौथी तार. पुढचं मी बघते.

तुझीच, रागावलेली,
सुलूताई